पांढरीवर जेसीबी लावण्याआधी

उन्हाळा लागला की नगर जिल्ह्यात मातीची ओढाओढ सुरू होते. ऊस तुटून गेलेला असतो, कांदा चाळीत पडलेला असतो, रान मोकळं असतं. कुणी तळ्याचा गाळ ओढतं, कुणी रस्त्याला मुरूम टाकतं. आणि नदीकाठच्या गावात कुणीतरी म्हणतंच, "पांढरीची माती आणू. चार ट्रॉल्या टाकल्या की रान सुधारेल."

त्यात खोटं काही नाही. पांढरी म्हणजे जुनी वस्ती जिथे होती ती जागा. तिची माती कसदार असते. चुलीची राख, शेण, हाडं, भुसा, कित्येक पिढ्यांचा घरकचरा तिच्यात जिरलेला असतो. आपल्या आज्या-पणज्यांनी ती बैलगाडीतून नेली. धाब्याच्या घरांवर पसरली. त्यांना मी बोल लावणार नाही. त्यांच्या हातात फावडं आणि पाटी होती. त्यांचं एका उन्हाळ्याचं काम आज जेसीबी दुपारच्या जेवणाआधी उरकतो.

म्हणून तुमच्याशी हे बोलायचं आहे. तुमच्या शिवारात नदीच्या नाहीतर ओढ्याच्या काठी राखाडी-पांढऱ्या मातीचं टेकाड असेल, पाऊस पडून गेल्यावर त्यावर खापरं उघडी पडत असतील, तर एक गोष्ट मनात धरा. त्या टेकाडाच्या पोटात माणसं पुरलेली असू शकतात. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. त्यात लहान लेकरंच जास्त.

ही भीती घालण्याची गोष्ट नाही. नगर जिल्ह्यात असं प्रत्यक्ष सापडलेलं आहे, आणि एकदा नाही, अनेकदा.

प्रवरेच्या काठाने वरून खाली या. संगमनेर तालुक्यात जोर्वे लागतं. डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये तिथे उत्खनन केलं. लाल रंगाची, काळ्या नक्षीची, टिचकी मारली तर खणखणणारी भांडी तिथे मिळाली. तांब्याच्या कुऱ्हाडी मिळाल्या. पुढे महाराष्ट्रात ठिकठिकाणी अशीच भांडी सापडत गेली, आणि त्या सगळ्या काळाला जोर्वे संस्कृती हे नाव पडलं. आपल्या जिल्ह्यातल्या एका साध्या गावाचं नाव जगभरच्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत आहे. किती नगरकरांना हे ठाऊक आहे?

आणखी खाली नेवासा. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली, तो पैस खांब पाहायला आपण सगळे जातो. त्याच नेवाशात लाडमोड नावाचं टेकाड आहे. १९५४ ते १९५६ या काळात सांकळियांच्या पथकाने ते खणलं. अश्मयुगापासून सातवाहन आणि त्यापुढच्या काळापर्यंत माणूस या परिसरात राहत आल्याच्या खुणा मिळाल्या. रोमशी व्यापार होता त्या काळातल्या मद्याच्या कुंभांचे तुकडेसुद्धा मिळाले. आणि सगळ्यांत जुन्या वस्तीच्या थरात शंभराहून अधिक दफनं मिळाली. बहुतेक लहान मुलांची.

तिसरं ठिकाण दायमाबाद. श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या तीरावर. बा. प. बोपर्डीकरांनी ते १९५८ मध्ये शोधलं. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तीन वेळा उत्खनन केलं. आधी म. न. देशपांडे, मग शि. रं. राव, शेवटी १९७९ पर्यंत एस. ए. साळी यांच्या देखरेखीखाली. एकावर एक पाच वस्त्यांचे थर निघाले. त्यातला एक थर उत्तर हडप्पा काळातला, म्हणजे सिंधू संस्कृतीशी नातं सांगणारा. त्या थरात मातीच्या विटांनी बांधून काढलेली एक कबर मिळाली. मोहेंजोदडोची नाती आपल्या प्रवरेपर्यंत पोचली होती, याचा हा पुरावा. तो एका टेकाडातून आला.

आता ही दफनं कशी असतात ते नीट ऐका. उद्या तुमच्याच कुळवाच्या फासाला तसं काही लागलं, तर ते ओळखता आलं पाहिजे.

जोर्वे काळात लहान मूल गेलं की त्याला गावाबाहेर नेत नसत. घरातच, जमिनीखाली खड्डा खणत. दोन मडकी घेत. मूल त्यांत ठेवून मडक्यांची तोंडं एकमेकांना भिडवत आणि ती खड्ड्यात आडवी ठेवत. शेजारी एखादा वाडगा, एखादं तोटीचं भांडं ठेवत. मग खड्डा बुजवून वरून जमीन पुन्हा चोपून सारवत. घर तसंच चालू राही. चूल पेटे, दळण होई, बाकीची भावंडं त्याच जमिनीवर झोपत.

मोठ्या माणसांना बहुधा उताणं, उत्तर-दक्षिण निजवत. डोकं उत्तरेला. घोट्याखालची पावलं तोडलेली असत. मेलेल्याने घर सोडून जाऊ नये, यासाठी तसं करत असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

आपल्या सीमेला लागून, घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षं काम केलं. एका मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा, मातीचा, माणूस मावेल एवढा रांजण निघाला. त्यात चाळिशीचा एक पुरुष बसवलेला होता. बाकीच्यांसारखी त्याची पावलं मात्र तोडलेली नव्हती. तो गावचा प्रमुख असावा असं म. के. ढवळीकरांनी मांडलं.

नेवाशाच्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मणी गंजले आणि त्या गंजामुळे आतल्या दोऱ्याचा कण टिकून राहिला. तो तपासला तेव्हा त्यात कापूस आणि रेशीम दोन्ही सापडलं. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी प्रवरेकाठच्या कुणीतरी आपल्या लेकराच्या गळ्यात रेशमाच्या दोऱ्यात ओवलेली माळ घातली होती. भारतात रेशीम किती जुनं, या प्रश्नाचं एक उत्तर त्या इवल्याशा दोऱ्यातून मिळालं.

ते मडकं जेसीबीच्या बकेटमध्ये आलं असतं तर? मणी ट्रॉलीत गेले असते, ट्रॉली उसाच्या रानात. कुणाला काही कळलंही नसतं. असं किती गेलं असेल, याचा हिशेब कुणाजवळ नाही.

ज्या बाबीसाठी मी हे सगळं सांगतो आहे, ती आता येते. जुन्या वस्तूची किंमत तिच्या धातूत नसते, दिसण्यातही नसते. ती कुठे, किती खोल, कशाशेजारी, कोणत्या थरात पडली होती, यात असते. टेकाडाचे थर म्हणजे सातबाऱ्यावरचे फेरफार समजा. खालचा जुना, वरचा नवा, प्रत्येकाचा आधीच्याशी दुवा. मधला एक फेरफार कुणी फाडून नेला तर पुढच्या मालकीचा पत्ता लागत नाही. कोर्टात वर्षानुवर्षं वाद चालतो.

तसा वाद दायमाबादच्या बाबतीत खरोखरच चालू आहे.

१९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल्ल नावाच्या स्थानिक शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना ओतीव धातूच्या चार वस्तू लागल्या. बैलजोडीचा रथ, त्यात उभा सारथी. एक हत्ती. एक गेंडा. एक रेडा. चारही मिळून वजन साठ किलोच्या वर. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर. एवढं देखणं आणि जड जुनं ओतकाम देशात फार थोडं आहे. आज या वस्तू दिल्लीचं राष्ट्रीय संग्रहालय आणि मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय इथे आहेत.

पण त्या नेमक्या कोणत्या काळातल्या? साळी आणि ढवळीकर यांनी त्या हडप्पा काळाशी जोडल्या. डी. पी. अग्रवाल यांनी शंका घेतली. त्या धातूत आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त आहे, तसं त्या काळच्या इतर तांब्याच्या वस्तूंत दिसत नाही, म्हणून त्या बऱ्याच नंतरच्या असू शकतात, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही बाजू विद्वानांच्या. वाद मिटत नाही, कारण वस्तू निघाल्या तेव्हा थर पाहणारं तिथे कुणी नव्हतं. छबूरावांचा यात काडीचाही दोष नाही. त्यांच्यामुळेच त्या वस्तू जगाला दिसल्या. पण त्या वस्तू मातीतच असताना कुणी तो खड्डा पाहिला असता, तर आज पन्नास वर्षांनी हा प्रश्न कदाचित उरला नसता.

म्हणून पहिली आणि सगळ्यांत मोठी विनंती ही. सापडलं तर हलवू नका.

नांगरताना, शेततळं खोदताना, पाइपलाइनची चारी काढताना, घराचा पाया घेताना मडक्याचं गोल तोंड मातीत दिसलं, दोन मडकी तोंडाला तोंड लावून दिसली, खडूसारखी ठिसूळ हाडं दिसली, तर काम तिथेच थांबवा. ड्रायव्हरला सांगा, बकेट वर घे. त्याचे तासाचे पैसे चालू आहेत, हे मलाही कळतं. मशीन रानाच्या दुसऱ्या टोकाला लावा. तेवढा तुकडा सोडा.

मडकं उपसून काढू नका. ते वरून धड दिसतं, पण ओली माती निघाली की उन्हात तासाभरात तडकतं. आत काय आहे हे पाहायला काडी घालू नका. हाडं धुऊ नका. मडक्यातली माती झाडून टाकू नका, त्या मातीतच मणी असतात, धान्याचे जळके दाणे असतात.

हाडं धुऊ नका असं का म्हणतो? हरियाणात राखीगढीला डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या पथकाने सापळे काढले. साठाहून जास्त नमुने तपासले. त्यातल्या एकातूनच कामाचा डीएनए मिळाला. त्या एका बाईच्या सांगाड्यावर २०१९ मध्ये जगभर चर्चा झाली. आपल्या उष्ण हवेत जुन्या हाडांत फार थोडं उरतं. जे उरतं ते आपल्या घामेजल्या हाताने आणि नळाच्या पाण्याने घालवू नये.

मोबाइल खिशात असतोच. फोटो काढा. आधी लांबून, मागे विहीर, लिंब, विजेचा खांब असं काही ओळखीचं दिसेल असा. मग जवळून. शेजारी दहा रुपयांचं नाणं किंवा पट्टी ठेवा म्हणजे आकार कळेल. गट नंबर लिहून ठेवा. बांधापासून किती पावलं आणि किती फूट खोल, हेही लिहा. मग त्यावर हलक्या हाताने मोकळी माती टाकून झाकून घ्या. वर गोणपाट टाका. प्लॅस्टिक नको, त्याखाली पाणी साचतं.

आणि तो फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका. गावच्या ग्रुपवर तर नाहीच. संध्याकाळपर्यंत शे-दीडशे माणसं तुमच्या रानात येतील आणि रात्री बॅटरी घेऊन आणखी काही येतील. पीक तुडवलं जाईल ते वेगळंच.

हाडं माणसाची वाटत असतील तर आधी पोलीस पाटलांना सांगा. ती कालची आहेत की तीन हजार वर्षांपूर्वीची, हे तुम्ही ठरवायचं नाही. तुम्ही स्वतःहून कळवलंत की तुमच्यामागे चौकशीचा ससेमिरा लागण्याचं कारण उरत नाही. लपवलंत तर मात्र लागतो. मग तलाठ्याला सांगा, तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज द्या. राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आणि केंद्राचं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, दोघांनाही कळवावं अशी विनंती त्यात करा. अर्जाची पोच घ्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला एक पत्र टाका. या मातीचा त्यांचा अभ्यास सत्तर वर्षांहून जुना आहे.

आता तुमच्या मनातला खरा प्रश्न. जमीन जाईल का?

ही भीती मला समजते. प्रवरेकाठच्या शेतकऱ्याने कालव्यासाठी, रस्त्यासाठी जमीन दिलेली आहे. "कळवलं की सरकार पाटी लावतं आणि रान अडकतं," असं गावोगाव बोललं जातं. म्हणून जे आहे ते सरळ सांगतो.

मडकं सापडलं असं कळवल्याने जमीन जात नाही. एखादी जागा राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून घोषित करायची असेल तर १९५८ च्या कायद्याप्रमाणे केंद्राला आधी दोन महिन्यांची सूचना काढावी लागते. त्या मुदतीत तुम्हाला हरकत घेता येते. घोषित झाल्यावरही मालकी आपोआप बदलत नाही. संपादन करायचं तर त्याची वेगळी प्रक्रिया आहे. आणि फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे, संरक्षित जागेतही शेती करायला कायद्याने मनाई नाही, फक्त एक फुटापेक्षा खोल खणायचं नाही. ज्वारी, बाजरी, हरभरा घेता येतो. खोल नांगरट, चारी, शेततळं चालत नाही. सरकारच्या कामामुळे तुमचं नुकसान झालं तर भरपाई मागण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे.

जाच आहे तो बांधकामाचा. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या संरक्षित जागेपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. जुन्या घराची दुरुस्ती करता येते, पण परवानगी घेऊनच. ज्याचं घर टेकाडाशेजारी आहे त्याला हे जड जातं, आणि ते मी नाकारणार नाही. म्हणूनच म्हणतो, अशा जागेजवळ घरकुल किंवा गोठा बांधायचा असेल तर पाया घेण्याआधी विचारा. भिंती उभ्या राहिल्यावर नोटीस आली की पैसाही जातो आणि कोर्टाच्या चकराही लागतात. नियम मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

सोनंनाणं किंवा तांब्या-पितळेच्या मौल्यवान वस्तू सापडल्या तर १८७८ चा निखात निधीचा कायदा लागू होतो. तो इंग्रजांच्या काळचा असला तरी आजही चालतो. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर काय, कुठे, कधी सापडलं हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते आणि वाटा जातो. कळवलं तर सापडवणाऱ्याचा हक्क राहतो. निधीवर जुन्या मालकाचा दावा नसेल आणि आपसात वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याला आणि एक हिस्सा जागेच्या मालकाला, अशी वाटणी त्या कायद्यात सांगितली आहे. सरकारला ती वस्तू ठेवून घ्यायची असेल तर धातूची किंमत आणि वर पाचवा हिस्सा द्यावा लागतो. म्हणजे शेतमजुराला सापडलं तर त्याचाही हक्क आहे. मालकाने हे त्याला सांगावं. धाक घालून गप्प बसवू नये.

रात्री मोटारसायकलवर एखादा माणूस येईल. गोड बोलेल. "तात्या, असली खापरं कोण ठेवतं? मणी असतील तर पाचशे देतो." देऊ नका. शंभर वर्षांवरच्या अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि त्या देशाबाहेर नेण्याची मुभा खासगी माणसाला १९७२ च्या कायद्याने नाहीच. तुमच्या हातात पाचशे पडतील आणि चौकशी आली की नाव तुमचं निघेल. तो माणूस कुठला, हे तुम्हाला सांगताही येणार नाही.

गुप्तधनाची हाव लावणारे त्याहून वाईट. पायाळू माणूस, अमावास्या, नारळ, कोंबडं, कधी कधी त्याहून भयंकर. अशा टेकाडांवर मोहोरांचा हंडा नसतो. ज्या काळातली ही माणसं आहेत, त्या काळात आपल्याकडे नाणंच नव्हतं. त्यांची श्रीमंती म्हणजे गुरं, जव, गारेच्या दगडाची धारदार पाती आणि थोडंसं तांबं. रात्रभर खणून हाती लागेल ते कुणाच्या तरी लेकराचं मडकं. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तुमच्या गावात असं काही चाललं असेल तर पोलिसांना कळवा. गावकीचा मान राखायचा म्हणून गप्प बसू नका.

काही घरांत वेगळी अडचण असते. हाडं निघाली की म्हातारी माणसं घाबरतात. अपशकुन झाला, शांत करा म्हणतात. त्यांच्या मनाला बरं वाटणार असेल तर बांधावर नारळ फोडा, हळदकुंकू वाहा. त्याने काही बिघडत नाही. फक्त ती हाडं उचलून प्रवरेत सोडू नका. ज्यांनी त्यांना पुरलं, त्यांनी त्यांना घराजवळ राहू द्यायचं ठरवलं होतं. त्यांना तिथेच राहू द्या, नाहीतर जाणत्या माणसाच्या हाती द्या.

या हाडांतून जाणत्या माणसाला काय काय कळतं, ते ऐकून नवल वाटेल. डेक्कन कॉलेजमध्ये सुभाष वाळिंबे यांनी अशा सापळ्यांचा आयुष्यभर अभ्यास केला. मुलाच्या दातावरून त्याचं वय कळतं, कोणत्या वयात ते उपाशी किंवा आजारी पडलं तेही कळतं. इनामगावच्या उत्खननात लोक काय पिकवत होते ते कळलं. जव होतं, डाळी होत्या, पुराचं पाणी वळवायला पाट होता. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमाराला ही गावं ओस पडू लागली. पाऊस कमी होत गेला, शेती हटली, माणसं गुरांमागे भटकी झाली, असं ढवळीकरांचं मत होतं. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेडच्या माणसाला दुष्काळ काय करतो हे सांगायला नको. आपल्याच मातीतल्या दुष्काळाची इतकी जुनी नोंद आपल्याच पायांखाली आहे, आणि ती आपण उसाच्या सरीत पसरतो आहोत.

विदर्भातल्या मंडळींचं दुखणं थोडं वेगळं आहे. नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी इथे मृतांभोवती मोठमोठ्या दगडांची वर्तुळं रचलेली आहेत. ती नजरेला पडतात तरी. दगड दिसतो म्हणून लोक तो बांधकामाला उचलतात, पण निदान ओळखणाराही सापडतो. आपल्याकडे वर खूण काहीच नाही. वरून पाहिलं तर बाभळी आणि कुसळं उगवलेला उंचवटा. म्हणून त्याची ओळख गावानेच ठेवली पाहिजे.

रानाला माती लागतेच, हे मी विसरलेलो नाही. पांढरीऐवजी गाळ आणा. २०१७ पासून राज्यात गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आहे. तलावातला, पाझर तलावातला, धरणातला गाळ शेतकऱ्याला नेता येतो. तलाठ्याकडे किंवा ग्रामपंचायतीत चौकशी करा. गाळ नेल्याने तळं खोल होतं, पाणी वाढतं, रानही सुधारतं. पांढरी मात्र एकदा नेली की संपली. ती पुन्हा साठायला हजार वर्षांची वस्ती लागते.

शाळेच्या गुरुजींना आणि बाईंनाही एक सांगणं आहे. मुलांना टेकाडावर न्या, पण खापरं गोळा करायला लावू नका. "ज्याची खापरं जास्त त्याला बक्षीस" हा खेळ तर नकोच. दिसलेलं खापर तिथेच ठेवून वहीत त्याचं चित्र काढायला सांगा. वर्षातून एक सहल नेवाशाला जातेच, पैस खांबाचं दर्शन झालं की मुलांना लाडमोडविषयी सांगा. पुण्याला सहल गेली तर डेक्कन कॉलेजचं संग्रहालय दाखवा. दोन मडकी तोंडाला तोंड लावून ठेवलेली मुलांनी एकदा पाहिली की ती घरी येऊन बापाला सांगतात, "आबा, तिथे जेसीबी लावू नका." माझ्यासारख्याने दहा वेळा सांगितल्यापेक्षा ते लवकर पटतं.

माती उपसायला तहसीलची गौण खनिजाची परवानगी काढली असेल, तर तिच्यावर विसंबू नका. रॉयल्टी भरली म्हणजे जुनं टेकाड तोडायची मुभा मिळाली असं होत नाही. ठेकेदार पावती दाखवेल. तुम्ही त्याला गट नंबर विचारा.

सरपंचांना आणि सदस्यांना शेवटचं सांगणं. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्या, कारण मातीची वाहतूक त्याच महिन्यात जोरात असते. गावातल्या जाणत्या माणसांना विचारून पांढरीचे, खापरं सापडणारे गट नंबर लिहून काढा. त्या गटांतून माती, मुरूम उचलायचा नाही आणि पंचायतीचं कोणतंही काम तिथे विचारल्याशिवाय धरायचं नाही, असा ठराव करा. ठरावाची नक्कल तहसीलदारांना आणि पुरातत्त्व खात्याला पाठवा. गावात ज्यांचे जेसीबी आणि ट्रॅक्टर आहेत, त्या पोरांना समोर बसवून तो वाचून दाखवा.